देणगीचं पान शेवटी बनवा, आधी हक्काचे पैसे शोधून द्या: गोव्यातल्या हेल्थ-स्टार्टअपवाल्यांना खुलं पत्र

गोव्यात पेशंटसाठी ॲप, वेबसाइट, फंड असं काहीतरी उभं करू पाहणाऱ्या सगळ्या तरुण मंडळींना नमस्कार.

हल्ली अधूनमधून तुमच्यातलं कोणी ना कोणी भेटतं, कोणी कॉलेजच्या हॅकेथॉनमधलं, कोणी नोकरी सोडून पर्वरीला ऑफिस घेतलेलं, आणि सांगतं की आम्ही मोठ्या आजारांचे उपचार लोकांना परवडावेत म्हणून प्लॅटफॉर्म करतोय. ऐकून खरंच बरं वाटतं. म्हणूनच हे लिहायला बसले. मी फोंड्यात मामलेदार ऑफिसजवळ झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवते, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, अफिडेव्हिट, सरकारी योजनांचे फॉर्म हे सगळं आमच्याकडे होतं, आणि घरात मोठं आजारपण आलं की माणसं डॉक्टरांनंतर लगेच आमच्यासारख्यांच्या काउंटरवर येतात. तुम्हाला आजार दिसतो आणि देणगीदार दिसतो, मधली फाइल घेऊन फिरणारी बाई दिसत नाही, ती मला रोज दिसते.

तर माझं म्हणणं एकच आहे. तुम्ही सगळे पहिल्यांदा देणगीचं पान बनवता. पेशंटचा फोटो, चार ओळींची कहाणी, क्यूआर कोड, शेअरचं बटण. ते शेवटी बनवा. त्याच्या आधी त्या माणसाच्या हक्काचे पैसे कुठे कुठे पडून आहेत ते शोधून देणारं काहीतरी बनवा, कारण पैसे आहेत हो, पण वेगवेगळ्या दारांत आहेत आणि प्रत्येक दाराची अट वेगळी, कागद वेगळा, वेळ वेगळी.

आपल्याच राज्याचं बघा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016 पासून आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाख, गोव्यात पाच वर्षं राहत असलात की कार्ड मिळतं, सरकारी नोकर सोडून. उत्पन्नाची अट नाही. हे कार्ड कित्येकांच्या कपाटात आहे, पण ते रिन्यू केलंय का, त्यावर यंदा किती शिल्लक आहे, आपली प्रोसिजर यादीत आहे का आणि कुठलं हॉस्पिटल पॅनेलवर आहे हे विचारलं की माणूस गप्प. मग आरोग्य खात्याची मेडिक्लेम योजना, ती गोव्यातल्या सरकारी हॉस्पिटलात नसलेल्या उपचारांसाठी, तिला गोमेकॉची, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची शिफारस लागते, उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि बाहेर जाऊन ऑपरेशन करून आल्यावर विचारायला गेलात तर उशीर झालेला असतो. मग केंद्राची आयुष्मान भारत, 2018 साली आली, पाच लाखांची, आणि ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता. घरात आजी-आजोबा असूनही हे माहीत नसलेली घरं मी बघते.

आणि हे फक्त सरकारचं झालं. औषध कंपन्यांचे स्वतःचे मदत-कार्यक्रम असतात, कॅन्सरच्या कितीतरी महागड्या गोळ्या-इंजेक्शनांना असतात, काही डोस विकत घेतले की पुढचे फुकट अशा धर्तीचे. पण ते तुम्हाला कोणी सांगत नाही, विचारावं लागतं, आणि काय विचारायचं हेच माहीत नसेल तर विचारणार काय? रेल्वेचं तर साधं आहे, कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला 75 टक्के सूट, हॉस्पिटलच्या ठरावीक नमुन्यातलं पत्र दाखवलं की झालं. मडगावहून मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात वर्षभर ये-जा करायची तर हा खर्च छोटा नसतो, आणि तरी लोक कोकणकन्याचं पूर्ण तिकीट काढून जातात.

एक केस सांगते, नाव-गाव नको. सातेक वर्षांचा मुलगा, थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार, दर थोड्या आठवड्यांनी रक्त चढवायचं. ट्रान्सप्लांट करा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, बहिणीचा बोनमॅरो जुळला, आणि राज्याबाहेरच्या एका मोठ्या हॉस्पिटलने एस्टिमेट दिलं, ते बापाच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढं. बाप एका फॅक्टरीत कंत्राटी. गावच्या क्लबाने लकी ड्रॉची कूपनं काढली, ती छापायला माझ्याकडेच आली. देवळाच्या जत्रेत पेटी फिरली, मोबाइलवर त्या पोराचा सलाइन लावलेला फोटो फिरला, शाळेतल्या मुलांनी त्यालाच तो दाखवला. तेवढं सगळं करून एस्टिमेटच्या जवळपासही रक्कम आली नाही. आणि या सगळ्या काळात कोल इंडियाच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने समाजकामासाठी द्यायच्या पैशांतून चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना होती, 2017 पासून आहे, भावंडाचा मॅच असलेल्या मुलांच्या ट्रान्सप्लांटला दहा लाखांपर्यंत मदत देते, वयाची आणि उत्पन्नाची अट आहे, त्या दोन्हींत हा मुलगा बसत होता. फक्त ती ठरावीक हॉस्पिटलांतच चालते आणि ज्याने एस्टिमेट दिलं ते हॉस्पिटल त्या यादीत नव्हतं, म्हणून तिथल्या कोणी तोंडही उघडलं नाही. त्यांना हे कळलं दुसऱ्याच एका शहरातल्या हॉस्पिटलच्या सोशल वर्कर बाईंकडून, योगायोगाने. मधे कितीतरी महिने गेले, आणि थॅलेसेमियात महिने जाणं म्हणजे नुसती वाट बघणं नसतं, प्रत्येक रक्ताबरोबर अंगात लोह साचत जातं, लिव्हरवर, हृदयावर. ट्रान्सप्लांट झालं, पोरगा आता बरा आहे. पण त्या कूपनांचे गठ्ठे मला अजून आठवतात आणि राग येतो, कारण ते छापायची गरजच नव्हती.

तुमच्या प्लॅटफॉर्मने हे एवढं केलं असतं तर? आजार, वय, उत्पन्न, तालुका, डॉक्टरांनी सुचवलेला उपचार एवढं भरलं की कुठली योजना लागू, कुठल्या हॉस्पिटलात लागू, कुठला कागद लागेल आणि कुठला आधी काढायचा. देणगीचं बटण त्याच्या नंतर, उरलेल्या रकमेसाठी. दहा लाख योजनेतून आले आणि दोन लाख कमी पडले तर दोन लाखांसाठी हात पसरणं वेगळं आणि बारा लाखांसाठी पसरणं वेगळं, गावाची तेवढी ताकद असते, दोन लाखांची असते.

देणगीच्या पानांबद्दल अजून एक सांगायचंय आणि हे मी कोणाला दुखवायला सांगत नाही. मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू ही देणग्या गोळा करणाऱ्या साइट्सची नावं आता सगळ्यांना माहीत आहेत आणि तिथून अनेकांचे जीव वाचलेत यात शंका नाही. पण पैसे कोणाला मिळतात बघा. लहान मूल, गोड चेहरा, इंग्रजीत नीट लिहिलेली कहाणी, घरातलं कोणी आयटीत किंवा बाहेर देशात, त्यांचं पान भरतं. पंचावन्न वर्षांचा खाणीच्या ट्रकवरचा माजी क्लीनर, किडन्या गेलेल्या, दारू प्यायचा म्हणून शेजारीही नावं ठेवणारे, त्याचा फोटो कोण शेअर करणार? त्याचा जीव कमी किमतीचा आहे का? गर्दी ठरवणार असेल की कोणाला उपचार मिळायचे, तर ज्याच्यामागे गर्दी नाही तो मरणार, आणि प्लॅटफॉर्म बनवणाऱ्याने हे आधीच ओळखून त्याची सोय करायला हवी. एक कॉमन फंड ठेवा, ज्यात देणारा चेहरा निवडत नाही, आणि वाटप डॉक्टर आणि सोशल वर्कर मिळून ठरवतात. दुर्मिळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणातही ऑनलाइन देणग्यांची सोय आहे, तिथे पैसे पेशंटच्या खात्यात न जाता नेमलेल्या सेंटर ऑफ एक्सलन्सकडे, म्हणजे त्यासाठी ठरवलेल्या मोठ्या हॉस्पिटलांकडे जातात. ते धोरण जरूर वाचा. सरकारी मदत त्याखाली आता 50 लाखांपर्यंत आहे, आणि एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचं एक इंजेक्शन 16 कोटींच्या आसपासचं, तेव्हा देणगीने कुठपर्यंत पुरायचं हा हिशोबही त्यातच दिसतो.

म्हणूनच म्हणते की पैसे गोळा करण्याइतकंच किंमत खाली आणणं हे तुमचं काम समजा. 2017 च्या फेब्रुवारीत सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, लाखाच्या वर लावला जाणारा औषधी स्टेंट 30 हजारांच्या आसपास आला, कुठल्या देणगीने एवढ्या लोकांचे एवढे पैसे वाचले असते? 2019 साली कॅन्सरच्या 42 औषधांवरच्या नफ्याला 30 टक्क्यांची मर्यादा आली. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या जाळ्यातल्या हॉस्पिटलांनी एकत्र येऊन औषधांची खरेदी केली तर 80 टक्क्यांहून जास्त बचत झाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून कार-टी पेशींचा, म्हणजे पेशंटच्याच रक्तातल्या पेशी बदलून कॅन्सरशी लढवण्याचा जो देशी उपचार काढला, ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला परवानगी मिळाली, तो परदेशात तीन-चार कोटींना जातो आणि इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात. आपल्या गोमेकॉतही स्तनाच्या कॅन्सरचं महागडं इंजेक्शन फुकट द्यायला सुरुवात झाली. ह्या सगळ्या गोष्टी पेशंटला कळतात का? तोच स्टेंट, तोच गुडघा, तीच केमो कुठे कितीला होते हे एका पानावर दाखवा. जनऔषधी आणि अमृत फार्मसी या स्वस्त औषधांच्या दुकानांत कुठली गोळी मिळते ते दाखवा. आमच्याकडे एक जण महिन्याला साडेअकरा हजारांची गोळी घ्यायचे, तेच औषध जेनेरिकमध्ये कितीतरी कमी दरात मिळतं हे त्यांना केमिस्टच्या पोराने सांगितलं तेव्हा कळलं, त्या पोराचे उपकार. डॉक्टरांना विचारून बदला, एवढी ओळ मात्र प्रत्येक पानावर टाका, लोक आपल्या मनाने बदलतात.

आता कागदांचं. हे तुम्हाला कंटाळवाणं वाटेल पण सगळं अडतं ते इथेच. आपल्या गोव्यात म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या नोंदी पोर्तुगीजांच्या वेळच्या, त्यात आडनाव पोरोबो, आधारवर प्रभू, रेशनकार्डावर परब आणि दीनदयाळच्या कार्डावर चौथंच काहीतरी स्पेलिंग. माणूस एकच. पण सिस्टीम म्हणते नाव जुळत नाही, रिजेक्ट. मग अफिडेव्हिट करा, ही सगळी नावं एकाच माणसाची म्हणून, स्टॅम्पपेपर, नोटरी, एक दिवस मोडला, आणि पेशंट तिकडे बांबोळीला आयसीयूत. तुमचा सॉफ्टवेअर जर अक्षर न अक्षर जुळवणारा असेल तर गोव्यात तो निम्म्या म्हाताऱ्यांना बाहेर ठेवेल. नाव जुळत नसेल तर फॉर्म अडवू नका, आधीच सांगा की हे अफिडेव्हिट लागेल आणि त्याचा मसुदा तिथेच तयार करून द्या, पहिल्याच दिवशी, रिजेक्ट झाल्यावर नव्हे.

दुसरं, हॉस्पिटलचं एस्टिमेट. त्यावर तारीख असते, जुनं झालं की ऑफिस नवीन मागतं, त्यासाठी परत हॉस्पिटलात. काही रिपोर्ट त्या चकचकीत थर्मल कागदावर येतात, सहा महिन्यांत अक्षरं उडून जातात, झेरॉक्स काढली तर कोरा कागद. मी प्रत्येकाला सांगते की आल्या आल्या फोटो काढा. हे काम तुमचं ॲप करू शकतं की नाही, फाइल एकदा नीट स्कॅन करून ठेवणं, तारखा संपायच्या आधी मेसेज पाठवणं? सात ऑफिसांत तीच फाइल सात वेळा द्यावी लागते हे मोडायला कुठलंही भारी तंत्रज्ञान नको.

पैसे घेण्याचं कायद्याचं पण बघून घ्या, कारण पुढे पेशंटच अडकतो. देणगीवरची आयकराची सवलत, 80जी म्हणतात ती, नोंदणी असलेल्या ट्रस्टला दिलं तरच, एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात टाकलं तर नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50 हजारांच्या वर रक्कम खात्यात आली तर ती उत्पन्नात धरली जाऊ शकते, म्हणून पैसे थेट हॉस्पिटलला जातील अशी व्यवस्था करा. आणि गोव्यातली खास अडचण, आपले अर्धे नातेवाईक पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये, लंडनला, स्विंडनला. ते मनाने इथलेच आणि द्यायला सगळ्यात पुढे, पण कायद्याच्या नजरेत विदेशी नागरिक, ट्रस्टने त्यांचे पैसे घ्यायचे तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याची नोंदणी लागते. भारतीय पासपोर्टवर आखातात असलेल्याला ही अडचण नाही. हे तुमच्या साइटवर आधीच स्पष्ट लिहा, पैसे येऊन अडकल्यावर नको. आणि तुमची स्वतःची फी, टीप, जे काही असेल ते देणाऱ्याला आकड्यात दाखवा, आधीच टिक करून ठेवलेला टीपचा चौकोन नको. देणारा म्हातारा माणूस पाचशे देतो तेव्हा त्याला वाटतं पाचशे पोचले.

फोटोंबद्दल माझी हात जोडून विनंती आहे. ते पोर बरं होतं, मोठं होतं, आणि इंटरनेटवर त्याचा नळ्या लावलेला फोटो राहतो. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती, संमती मागे घेणं, मुलांच्या माहितीची काळजी हे सगळं आहे. उपचार झाले की पान बंद, फोटो काढून टाकायचा, आणि मुळात फोटोशिवायही मदत मागता आली पाहिजे.

भाषेचं थोडक्यात. मराठी हवी, कोंकणी हवी, आणि सासष्टी तालुक्यात रोमी लिपीतली कोंकणी हवी. फोनवर बोलून भरता आलं पाहिजे, कारण सत्तरी तालुक्यातल्या आतल्या वाड्यांवर फॉर्म भरताना रेंज जाते आणि अर्धा भरलेला उडून जातो. आणि कृपा करून माणूस ठेवा. गोमेकॉतल्या, म्हापशाच्या आझिलो आणि मडगावच्या हॉस्पिसियो या सरकारी हॉस्पिटलांतल्या सोशल वर्करांना हे टूल पहिल्यांदा द्या, त्यांच्याकडे माहिती आहे, वेळ नाही. पंचायतीत स्वयंपूर्ण मित्र, म्हणजे सरकारने योजना लोकांपर्यंत पोचवायला नेमलेले कर्मचारी येतात, त्यांच्या हातात द्या. आमच्यासारख्या दुकानदारांना द्या, आम्ही पन्नास रुपये घेऊन का होईना पण नीट भरून देतो.

आरोग्य खात्यातलं कोणी वाचत असेल तर त्यांनाही एवढंच, की ही मुलं जे बनवतील ते तुमच्या माहितीवर चालणार. योजनेतल्या प्रोसिजरची यादी, पॅकेजचे दर, पॅनेलवरची हॉस्पिटलं हे सगळं कॉम्प्युटरला वाचता येईल असं द्या, स्कॅन केलेली पीडीएफ नको. कार्डावरची शिल्लक मिस्ड कॉलवर कळू दे. आणि अर्ज नामंजूर झाला तर का, ते एका ओळीत मराठी-कोंकणीत लिहून द्या. दर महिन्याला किती अर्ज आले, किती दिवसांत निकाल लागला, कुठल्या कारणाने परत गेले हे जाहीर करा, म्हणजे आम्हाला कळेल कुठला कागद लोकांना नडतो.

तुम्हा मुलांना शेवटी एवढं सांगते, पणजीत उद्घाटन करायच्या आधी हे वाळपईच्या आणि काणकोणच्या सरकारी आरोग्य केंद्रात महिनाभर चालवून बघा. तिथली एखादी बाई, चष्मा विसरून आलेली, नवऱ्याची फाइल पिशवीत घेऊन, तिला कोणी न शिकवता ते जमलं की मग सगळ्या गोव्याला द्या. जमलं नाही तर कुठे अडली ते लिहून घ्या आणि तेवढंच आधी दुरुस्त करा. फॉर्म आणि दाखल्यांच्या बाबतीत काही विचारायचं असेल तर सकाळी अकराच्या आधी दुकानात या, नंतर गर्दी असते.

तुमची,
फोंड्याची एक फॉर्म भरून देणारी